आज कशावर?

सकाळी सोसायटीच्या बागेत कुणी भेटलं की लोक 'नमस्ते' म्हणतात, 'राम राम' म्हणतात, थंडीच्या दिवसांत 'आज हवा बहुत खराब है' म्हणतात. काकू विचारायच्या, "आज कशावर?"

नव्या माणसाला हा प्रश्न कळायचा नाही. मलाही कळला नव्हता. मयूर विहारच्या त्या सोसायटीत आम्ही नुकतेच तळमजल्यावर राहायला आलो होतो. बागेला दोन फेऱ्या मारायच्या आणि ऑफिसची मेट्रो पकडायची, अशा घाईत मी होते. फोनवर नवऱ्याशी मराठीत बोलत होते ते मागून कुणीतरी ऐकलं असावं. सलवार-कुर्ता, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर माकडटोपी अशा एक बाई माझ्या बरोबरीला आल्या आणि ओळखपाळख नसताना विचारत्या झाल्या.

"कशावर म्हणजे?" मी म्हटलं.

"म्हणजे कशावर चालतेयस? राग आहे, भीती आहे, हेवा आहे, काय आहे?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. शुगर बॉर्डरला आहे."

"डॉक्टरांच्या सांगण्यावर चार दिवस चालशील," असं म्हणून त्या मला मागे टाकून गेल्या.

मी तीनच दिवस चालले.

काकू आमच्याच जिन्यात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. केंद्र सरकारच्या नोकरीत सगळी हयात दिल्लीत गेलेली. निवृत्तीपर्यंत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणि नंतर इथे. यजमान लवकर गेले होते. माकडटोपी त्यांची होती. मुलगा पुण्यात. इतकी वर्षं दिल्लीत काढूनही त्यांचं हिंदी मराठीच होतं, आणि ते त्या फार मोठ्या आवाजात बोलायच्या.

माणसाचं शरीर इच्छाशक्तीवर चालत नाही, भावनेवर चालतं, असं त्यांचं म्हणणं. इच्छाशक्ती ही गोष्ट पुस्तकं लिहिणाऱ्यांनी काढली आहे. भावना मात्र घरोघरी तयार होते, रोज होते, आणि लोक ती सोफ्यावर बसून वाया घालवतात. कुठली भावना कुठल्या व्यायामाला लावायची याची त्यांची व्यवस्था ठरलेली होती. राग जिन्याला. काळजी सपाट चालायला, तीही हळू, कारण काळजीवर धावलं की काळजी वाढते. भीती दोरीवरच्या उड्यांना. हेवा दंडांना. माझ्या मुलीचं सगळं शिक्षण दिल्लीत झालेलं, तिला हेवा हा शब्दच माहीत नव्हता. काकूंनी तिला सांगितला. "हेवा म्हणजे जेलसी. वर्गातल्या कुणाचा आला की पाण्याच्या दोन बाटल्या भरून घ्यायच्या आणि दंडाचा व्यायाम करायचा. मैत्रिणीशी भांडायचं नाही. तिला कळूही द्यायचं नाही." मुलगी तो व्यायाम अजून करते. कुणावरून ते मी विचारत नाही.

दुःख त्या वापरत नसत. "दुःखावर माणूस बसतो. बसू द्यावं. फक्त अधूनमधून पाणी प्यायला उठवावं," एवढंच म्हणायच्या. आणि आनंद तर पार निकामी. नात झाली त्या दिवशी त्यांनी आनंदावर चालून पाहिलं होतं. "मिठाईवाल्यापर्यंत गेले. तिथून रिक्षाने परत."

मला हे सगळं विक्षिप्त वाटायचं, आणि होतंच. पण एका संध्याकाळी ऑफिसातून आले ती जिन्याच्या तोंडाशीच त्यांना सापडले. ज्या बढतीसाठी मी दोन वर्षं राबले होते ती त्याच दिवशी मी शिकवलेल्या मुलाला मिळाली होती. घरात श्रीखंडाचा डबा होता आणि माझा बेत पक्का होता.

काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "पर्स घरात टाक. बूट घाल."

"काकू, आज नको. डोकं ठिकाणावर नाही."

"म्हणून तर. इतका ताजा माल घेऊन आलीस आणि वाया घालवतेस?"

आम्ही सोसायटीच्या बाहेरून, मार्केटच्या मागून, मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने चाललो. मी बोलायला तोंड उघडलं की त्या हात वर करायच्या. "बोलायचं नाही. बोललीस की वाफ जाते." माझ्याकडे साहेबाबद्दल सांगण्यासारखं खूप होतं. ते सगळं पायांत गेलं. घरी आले तेव्हा श्रीखंडाची आठवणही नव्हती, फक्त झोप आली होती.

पुढे बरेच महिने मी त्या बढतीवर चालले. बढती मला शेवटपर्यंत मिळाली नाही. साखर मात्र उतरली.

काकूंचा स्वतःचा मुख्य पुरवठा म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. गृहस्थ पंजाबी, बँकेतून निवृत्त झालेले, आमच्याच जिन्यात दुसऱ्या मजल्यावर राहणारे. स्वभावाने मऊ, पण एका बाबतीत चिवट: त्यांना जिन्याला लिफ्ट बसवायची होती. आमच्या इमारती जुन्या, तीन मजली, बिनलिफ्टच्या. दिल्लीत अशा सोसायट्यांत लिफ्टवरून जन्माची वैरं होतात. वरच्यांना ती हवी असते, तळमजल्याला नको असते, कारण तिचा उपयोग काही नाही आणि उजेड जातो. मी तळमजल्यावरची, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच ती उभी राहणार होती, म्हणून मी विरोधात. काकू तिसऱ्या मजल्यावरच्या आणि तरी विरोधात. विरोधाचं कारण त्या कुणालाही सांगायच्या: "जिना गेला तर मी राग कुठे नेऊ?"

दर बैठकीत सेक्रेटरी हात जोडून म्हणायचे, "आंटीजी, देखना, लिफ्ट लगेगी तो सबसे पहले आप ही बैठेंगी."

"मेरी अर्थी भी सीढ़ी से जाएगी!" काकू म्हणायच्या, आणि तिथून उठून त्या रागावर तडक तिसरा मजला गाठायच्या. मध्ये कठड्याला हातसुद्धा लावायच्या नाहीत. खाली उभं राहून मी पावलांचा आवाज ऐकला आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा वाटत नसे.

अशा बाईचं हाड जिन्यावर मोडलं नाही. एका जुन्या मैत्रिणीबरोबर त्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या मराठी कँटीनमध्ये बटाटावडा आणि पुरणपोळी खायला गेल्या होत्या. परत येताना मेट्रोच्या सरकत्या जिन्यावरून उतरून सपाट फरशीवर आल्या, हसता हसता मागे वळून काहीतरी सांगायला गेल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले तर पहिलं वाक्य हे: "चूक माझीच. आनंदात होते."

दवाखान्यातून सुटल्यावर तिसऱ्या मजल्यावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे एक खोली रिकामी होती, तळमजला होता, आणि काकूंनी माझी साखर उतरवली होती. मी त्यांना ठेवून घेतलं. मुलगा पुण्याहून येऊन राहिला, रजा संपल्यावर परत गेला. जायच्या आधी माझ्यासमोरच आईला म्हणाला, "आई, आता हट्ट नको. होळीपर्यंत तू आपली आपण वरपर्यंत चढलीस तर राहा इथे. नाहीतर फ्लॅट विकायचा आणि पुण्याला यायचं. तिथे लिफ्ट आहे, नात आहे, सगळं आहे."

"आणि भांडायला कोण आहे?" काकू म्हणाल्या.

तो हसला नाही. तो वाईट मुलगा नव्हता. दर संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा आणि पहिलं विचारायचा, "चढलीस?"

काकू चढत नव्हत्या. वॉकर सुटून काठी आली. जिना चढायला काहीच हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगून महिना होत आला. फिजिओथेरपीची मुलगी रोज यायची, जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभी करायची आणि शिकवायची: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काकूंना ते तोंडपाठ झालं. पाय उचलत नव्हता.

"आंटी, हैप्पी रहिए ना. पॉजिटिव सोचिए," ती मुलगी म्हणायची.

"हिला सांग," काकू मला मराठीत म्हणायच्या, "पॉझिटिव्हवर पाय उचलत नाही."

अडचण काय होती ते मला लवकरच कळलं. सगळे त्यांच्याशी चांगलं वागत होते. ज्या बाईला घाबरून लोक बागेत रस्ता बदलायचे, तिच्यासाठी आता घराघरातून खिचडी यायची. सेक्रेटरी मोसंबी घेऊन आले. लिफ्टचं नावही काढलं नाही. "आप बिल्कुल चिंता मत करो, आंटीजी. हम सब हैं ना." ते गेल्यावर काकू मोसंब्यांच्या पिशवीकडे बघत राहिल्या. "या माणसाने माझी वाट लावली," त्या म्हणाल्या. आवाजात जोर नव्हता.

होळी जवळ येत चालली. मुलाने एका एजंटला फ्लॅट दाखवायला सांगितलंय, असं काकूंनीच मला सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. तेव्हा मी ठरवलं की काहीतरी करायला हवं. मी सेक्रेटरींना गाठून स्पष्टच म्हटलं, की येऊन काकूंशी भांडा.

"बीमार औरत से? मैडम, आप कैसी बात कर रही हैं?"

मी समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण ते आले. दारातच उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आंटीजी, आपके गमलों का पानी नीचे टपकता है. ये... ये बहुत गलत बात है. मैं सख्त नाराज हूं." मग घाबरून माझ्याकडे पाहिलं, पुढे झाले आणि काकूंच्या पायाला हात लावून निघून गेले.

काकू खूप दिवसांनी हसल्या. "तूच पाठवलंस ना याला? अगं, उसन्या रागावर पायरी चढत नाही. घरचा लागतो."

मी पुन्हा तो प्रयत्न केला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी जिन्याखालच्या बोर्डवर नोटीस लागली. ऑफिसला जाताना मी ती वाचली. रविवारी सकाळी गच्चीवर सर्वसाधारण सभा. आमच्याकडे हिवाळ्यातल्या सभा गच्चीवरच होतात, उन्हात, आपापली खुर्ची आणि शेंगदाणे घेऊन. विषय एकच: 'हमारी आदरणीय आंटीजी की पीड़ा को देखते हुए लिफ्ट लगवाने का प्रस्ताव.' खाली सेक्रेटरींची सही.

त्यांनी हे मनापासून केलं होतं. काकूंना बरं वाटेल, अशीच त्यांची समजूत होती. मी क्षणभर उभी राहिले, मग नोटीस बोर्डवरून काढली, घरात परत गेले आणि काकूंच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. मेट्रो चुकली.

काकूंनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"पीडा?" त्या म्हणाल्या. मग आवाज चढला. "माझी पीडा? माझ्या पीडेवर हा लिफ्ट लावतो? सगळा जन्म मी ज्याला विरोध केला ते माझ्या नावावर? सभा कुठे आहे?"

"गच्चीवर."

"काठी दे."

"काकू, आज गुरुवार आहे. सभा रविवारी आहे."

"मग रविवारपर्यंत कुणी माझ्याशी बोलायचं नाही," काकू म्हणाल्या.

खरंच बोलल्या नाहीत. माझ्याशी नाही, फिजिओथेरपीच्या मुलीशी नाही. मुलाचा फोनही घेतला नाही. फक्त जेवायच्या. वाफ साठवत होत्या हे मला माहीत होतं, म्हणून मीही घरात सगळ्यांना गप्प केलं.

रविवारी त्यांनी कॅनव्हासचे बूट घातले. एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. मी मागे. चांगला पाय, मग दुखरा, मग काठी. पहिला मजला आला तेव्हा टोपीखालून घाम गळत होता. मी थांबायचं का विचारलं नाही. विचारलं असतं तर मार मिळाला असता. पण दुसऱ्या मजल्यावर त्या स्वतःच थांबल्या. पाय थरथरत होता आणि चेहरा पांढरा पडला होता.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. सेक्रेटरींची बायको. मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. फिकट, सुजलेल्या पायांची बाई, हातात मोडा, म्हणजे बसायचं बुटकं आसन. तो वेताचा मोडा त्यांनी काकूंच्या मागे सरकवला आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. "बैठिए, आंटीजी. आपकी सीढ़ी की आवाज सुन रही थी."

काकू बसल्या. पाणी प्यायल्या. "आप नहीं आ रहीं मीटिंग में?"

"मैं कहां जी. सांस फूलती है. साल हो गया, न ऊपर गई न नीचे." त्या दाराला टेकून उभ्या होत्या. एवढं बोलतानाही त्यांना दम लागला होता. "खिड़की से आपको देखती थी रोज. आप पार्क में जाती थीं तो समझती थी, इनकी चाय का टाइम हो गया."

काकूंनी ग्लास खाली ठेवला. "तो ये लिफ्ट..."

"मेरे लिए ही मांगते हैं. पर कहते हैं, सेक्रेटरी होकर अपने घर का नाम लेकर नहीं मांगूंगा."

"आपने मुझसे कभी बोला क्यों नहीं?"

"आपसे?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "आपसे तो पूरी सोसाइटी डरती है, जी."

काकू मोड्यावर बसून राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि मला जे दिसलं ते मला मुळीच आवडलं नाही. राग चालला होता. अर्धा जिना बाकी होता आणि टाकी रिकामी होत होती.

"काकू, उठा," मी म्हटलं. "मुलगा फ्लॅट विकतोय."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "बोलू नकोस."

त्या उठल्या. तिथून गच्चीपर्यंत त्या कशावर चढल्या ते मला सांगता येणार नाही. मी नंतर एकदा विचारलंही होतं. "लाजेवर," त्या म्हणाल्या. मग विचार करून म्हणाल्या, "लाज मी आजवर पोटाच्या व्यायामाला लावत होते. जिन्यालाही चालते म्हणजे."

गच्चीवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी काठी आपटून त्या थांबवल्या. सेक्रेटरी खुर्ची घेऊन धावले. काकू बसल्या नाहीत.

"मेरे नाम से लिफ्ट नहीं लगेगी," त्या म्हणाल्या.

सेक्रेटरींनी मान खाली घातली. त्यांना सवय होती.

"मुझे जरूरत नहीं है. देखो, मैं चढ़ के आई. इनकी वाइफ के नाम से लगाओ. वो साल भर से बंद है घर में और ये आदमी मेरी पीड़ा लिखता है! कागज लाओ. मैं सही करती हूं."

सेक्रेटरी चष्मा पुसत उभे राहिले. प्रस्तावाचा कागद काकूंपाशी गेला, मग फिरत फिरत माझ्याकडे आला. माझ्या स्वयंपाकघरातला उजेड मला आवडायचा. मी सही केली. आता तिथे दिवसाही ट्यूब लावावी लागते.

सभा संपल्यावर मी काकूंना उतरवायला हात दिला. दुखरा पाय आधी, त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं. एक मजला उतरल्यावर त्या आपल्या दाराशी थांबल्या आणि कमरेला खोचलेली किल्ली काढली.

"खाली नाही येत?" मी विचारलं.

"खाली कशाला? माझं घर इथे आहे. माझे कपडे संध्याकाळी तुझ्या मुलीबरोबर पाठवून दे. आणि ती मोसंबी पण."

त्या संध्याकाळी मुलाने फोन केला तेव्हा मीच त्यांच्याकडे कपड्यांची पिशवी घेऊन गेले होते. काकूंनी फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला होता, म्हणजे मागे त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर दिसावं. त्याने ओळखलं. "आई, चढलीस?"

"एजंटला नाही म्हणून सांग," काकू म्हणाल्या. "आणि नातीला दे."

लिफ्ट व्हायला वर्ष गेलं. दिल्लीत जातंच. ती सुरू झाली त्या दिवशी सेक्रेटरींची बायको दोन वर्षांत पहिल्यांदा खाली आल्या आणि बागेतल्या बाकावर उन्हात बसल्या. काकू त्यांच्याशेजारी थोडा वेळ बसल्या. मग उठल्या, काठी घेतली आणि जिन्याकडे वळल्या. लिफ्टचं दार शेजारीच उघडं होतं. आत ट्यूब लागलेली, भिंती चकचकीत.

मी बाजार करून येत होते. विचारलं, "काकू, आज कशावर?"

"माझ्याच सहीवर," त्या म्हणाल्या. "इतका राग मला आजवर कुणाचा आला नव्हता."

आतून सेक्रेटरींनी बटण दाबून धरलं होतं. "आंटीजी, आइए ना. खाली है."

काकूंनी चांगला पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि मागे न बघता हात वर केला.

"बात मत करो," त्या म्हणाल्या. "भाप जाती है."